न पेरलेलं शिवार

मृगाचे पहिले दोन पाऊस पडून गेले की खारेपाटातली माणसं आभाळाकडे कमी आणि खाडीकडे जास्त बघू लागतात. धरमतरच्या खाडीलगत पेण आणि अलिबाग तालुक्यांची जी सपाट, सखल पट्टी पसरली आहे तिला खारेपाट म्हणतात. इथली शेतं उधाणाच्या पातळीच्या खाली आहेत. खाडी आणि भात यांच्यामध्ये उभा असतो फक्त मातीचा बांध, बाहेरकाठा. त्या काठ्यात जागोजागी उघाड्या ठेवलेल्या असतात. ओहोटीला त्यांतून शेतात साठलेलं पावसाचं पाणी बाहेर पडतं आणि भरती चढू लागली की त्या मिटतात. पहिल्या पावसाचं पाणी शेतात कोंडायचं, मातीतलं मीठ त्यात उतरू द्यायचं आणि ओहोटी साधून ते पाणी सोडून द्यायचं. असं काही वेळा झालं की माती गोड होते. जिथे खार फारच, तिथे रोप करून लावणी करण्याच्या फंदात कुणी पडत नाही. बियाणं भिजवून त्याला मोड आणतात आणि ते चिखलात हाताने फेकतात. याला रहू म्हणतात.

माझं आजोळ या पट्टीतलं. रहूचं बियाणं मी जवळून पाहिलं आहे. गोणपाटाखाली दडपलेला तो ढीग, आत हात घातला की लागणारी ऊब, एकमेकांत अडकलेले पांढरे मोड आणि घरभर पसरलेला आंबूस वास. मोड फुटलेलं बियाणं कुणासाठी थांबत नाही. ते वेळेवर शेतात पडलं नाही तर नासतं. त्यामुळे घरात आजारपण असो, कुणाचं दहावं-बारावं असो, रहूचा दिवस चुकवलेला मी पाहिला नाही. आजी तापात असतानाही ओट्यावर बसून बियाणं सुटं करून देत होती. वर्षाचं एकच पीक, आणि त्याचं सारं गणित त्या चारदोन दिवसांत बसलेलं.

अशा मुलखातल्या माणसांनी सहा वर्षं शेत पेरलं नाही.

इतिहासाच्या पुस्तकांत चरीच्या संपाची नोंद एखाद्या परिच्छेदात उरकते. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी सभा झाली, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय घेतला, आसपासची पंचवीस गावं त्यात उतरली आणि संप १९३९ पर्यंत चालला. एवढं वाचून पुढच्या पानावर जाता येतं. मला जाता येत नाही. सभेला हात वर केला तो ऑक्टोबरात, कापणीच्या दिवसांत. खरी परीक्षा आली असेल ती पुढच्या जूनमध्ये, जेव्हा पाऊस पडला, माती फुगली, बैल गोठ्यात अस्वस्थ झाले आणि माणसं ओटीवर हात बांधून बसली. मग त्याच्या पुढच्या जूनमध्ये. आणि त्याच्याही पुढच्या. उपास सोसणारी माणसं आपण पाहतो, तुरुंगात जाणारीही पाहतो. समोर ओली जमीन असताना शेतकऱ्याने बी हातात न घेणं याला किती बळ लागलं असेल, ते मोजायचं माप माझ्याकडे नाही.

असं काय होतं, की एवढं करावं लागलं? खोत हा मुळात सरकार आणि रयत यांच्यामधला सारा गोळा करणारा. काळाच्या ओघात तो गावाचा धनी झाला. जमीन कसणारं कुळ पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राबत असलं तरी कागदावर ते कुणीच नसे. कबुलायतीची मुदत संपली की खोताने उठ म्हटलं तर उठायचं. कुठे अर्धल, म्हणजे निम्मं पीक, कुठे ठरलेला खंड. पीक बुडो की तरो, खंडाचं भात खोताच्या कोठारात गेलंच पाहिजे. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की खोताकडूनच भात उचलायचं आणि सुगीला दिडीने फेडायचं, म्हणजे मणाला दीड मण. शिवाय वेठ. खोताच्या घरचं लग्न, खोताचं घर शाकारणं, खोताची लाकडं फोडणं. आणि ज्या बाहेरकाठ्यावाचून एक दाणा पिकत नाही तो बांधायला, राखायला मात्र कुळाचेच हात.

मला वाटतं, संपाचं मूळ या बाहेरकाठ्यातच आहे. हे माझं अनुमान. पण ज्याने खांड बुजवताना पाहिली आहे त्याला ते पटेल. भाद्रपदाच्या उधाणात काठा कुठेतरी कच खातो. आधी नुसतं झिरपतं, मग बोटभर धार, आणि मग घर जावं एवढी वाट. खांड गेली अशी हाक उठते. पुढची भरती चढेपर्यंत जो वेळ मिळतो तो सहा तासांच्या आतबाहेरचा. तेवढ्यात खुंट ठोकायचे, झावळ्या-पेंढा दाबायचा आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे सरकवत ती फट भरायची. घरटी एक माणूस येतोच. ज्याचं शेत खांडीपासून सगळ्यांत लांब, तोही येतो, कारण खारं पाणी बांध विचारत नाही. ते एका शेतात शिरलं की सबंध शिवारात जातं आणि पुढचे दोन-तीन पावसाळे माती धुण्यात जातात. मी लहानपणी काठ्यावर उभी राहून ती माणसांची रांग बघितली आहे. कंबरेएवढ्या चिखलात उभे असलेले मामा, शेजारचे काका, ज्यांच्याशी मामांचं वर्षभर बोलणं नव्हतं ते चुलते, आणि सगळ्यांच्या हातांतून न थांबता पुढे जाणारी माती.

एकट्याचं शेत एकट्याला वाचवता येत नाही, हे या लोकांना कुणी भाषण करून शिकवायची गरज नव्हती. संपही तसाच होता. पंचवीस गावांतल्या एका कुळाने रात्री जाऊन खोताशी तडजोड केली असती, एक तुकडा गुपचूप पेरला असता, तर तिथून खांड गेली असती. काठा राखायची सवय असलेल्या माणसांनी संप राखला. बाहेरून माणसं आणून जमीन करवणं खोतालाही सोपं नव्हतं. कोणती उघाडी कधी काढायची, कोणत्या तिथीला पाणी किती चढतं, कुठला तुकडा किती खारा, हे कागदावर नव्हतं. ते कुळांच्या डोक्यात होतं आणि कुळं घरी बसली होती.

घरी बसली म्हणजे उपाशी बसली. त्या वर्षांत माणसं जगली ती रानातून लाकडं तोडून मोळ्या विकून, खाडीतले मासे-खेकडे धरून, कंदमुळं खाऊन, मिळेल ती मजुरी करून. यातली निम्मी कामं बायकांची. मोळी डोक्यावर घेऊन बाजारापर्यंत चालणं, चिखलात उतरून निवटे, चिंबोऱ्या धरणं आणि संध्याकाळी मुलांपुढे काहीतरी मांडणं. त्यांनी सोसलं नसतं तर पुढाऱ्यांच्या निर्धाराचं काय झालं असतं, हे त्या काळातलं कुठलंही भाषण सांगत नाही. आजी सांगायची. तिच्या सासूने ते दिवस काढले होते. ती सासू म्हातारपणी ताटात भाताचं एक शीत टाकू देत नसे, एवढंच आजी सांगायची, आणि त्यात मला सगळं ऐकू यायचं.

१९३४ च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर शेतकरी परिषदेसाठी चरीला आले. कोकणातली खोती त्यांनी पाहिलेली होती. तिच्या बुडाशी असलेली दुहेरी अडवणूक, जमिनीची आणि जातीची, त्यांच्याइतकी कुणाला उमगली असेल? त्या परिषदेत आगरी, कुणबी, महार अशी सगळी कुळं एका मांडवाखाली बसली याचं मोल मला फार मोठं वाटतं. शेत एकाच बांधाने राखायचं आणि पाणी मात्र वेगळ्या विहिरीवर भरायचं, अशी ती गावं होती. पुढे नारायण नागू पाटलांनी १९३७ मध्ये ‘कृषीवल’ सुरू केलं आणि कुळांच्या तक्रारींना छापील जागा मिळाली. त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोताला भरपाई द्यावी, पण कसणाऱ्याला जमिनीचा भोगवटा मिळावा, असं ते विधेयक म्हणत होतं. १९३८ च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. विधेयक काही मंजूर झालं नाही. पण खेर मंत्रिमंडळाचे महसूलमंत्री मोरारजी देसाई यांना चरीची वाट धरावी लागली. १९३९ मध्ये कूळ कायदा झाला आणि कूळ ही कायद्याला दिसणारी गोष्ट झाली. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने.

पुढचं सगळं मला घरातल्या कागदांतून माहीत आहे. आजोबांची एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्या तळाशी मेणकापडात गुंडाळलेला एक जुडगा. १९४८ चा कूळ कायदा, त्याची पन्नासच्या दशकातली दुरुस्ती आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन यांची आमच्या घरातली खूण तो जुडगा आहे. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. पण मानलं जाणं आणि असणं यांच्यामध्ये कायद्याच्या कलम ३२ ग ची सुनावणी होती. नोटीस यायची. कुळाने हजर राहून जमीन घ्यायला तयार आहे असं सांगायचं. मग किंमत ठरायची, आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, २० पट ते २०० पट यांच्या दरम्यान. ती हप्त्यांनी फेडली की ३२ म चं प्रमाणपत्र. जुडग्यात त्या हप्त्यांची चलनं आहेत, तपकिरी पडलेली, घड्यांवर फाटलेली, टाचणीचा गंज कागदाला लागलेला. एका चलनाच्या मागे पेन्सिलीने हिशेब आहे: बी, बैलाची पेंड, तेल, आणि शेवटी सरकारी हप्ता. तेलापुढे आकडा लिहून खोडलेला आहे. त्या वर्षी तेल आलं नसावं.

ज्यांच्याकडे असा जुडगा नाही त्यांची गोष्टही सांगितली पाहिजे. वि. म. दांडेकर आणि जी. जे. खुदानपूर यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून कूळ कायद्याच्या अंमलबजावणीचा अभ्यास केला. तो १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांना जागोजागी आढळले ते कुळांचे राजीनामे. कूळ ‘स्वखुशीने’ जमीन मालकाला परत देतं, अशी कागदावर नोंद. ही स्वखुशी कशी मिळवली जायची हे कोणत्याही गावातला म्हातारा सांगेल. कर्जाची आठवण करून दिली जायची, घराखालची जागा कुणाची आहे ते विचारलं जायचं, आणि वर, तुझ्या बापाला माझ्या बापाने उभं केलं, हेही ऐकवलं जायचं. एकटं कूळ एकट्या मालकापुढे उभं राहिलं की कायद्याचं पुस्तक मालकाच्या बाजूने उघडायचं. सुनावणीला हजर न राहिलेल्यांच्या जमिनी गेल्या. विधवा, अज्ञान, सैन्यातले मालक यांच्यासाठी मुदती पुढे ढकलल्या होत्या. त्या मुदतींचा हिशेब ज्याला ठेवता आला नाही त्याचा हक्क लोंबकळत राहिला. कायदा तोच होता. पण आमच्याकडे नोटीस आली की चार घरं मिळून कचेरीत जात. ही सवय संपाने लावलेली, असं आजोबा ठासून सांगत.

कायद्याशिवाय जमिनीची आणखी एक वाट होती, दानाची. याच रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या गागोद्यात, विनोबांचा जन्म झाला. चरीपासून गागोदं काही फार लांब नाही. १९५१ मध्ये तेलंगणात पोचमपल्लीला एका जमीनदाराने १०० एकर जमीन देऊ केली आणि तिथून भूदानाची पदयात्रा निघाली. विनोबांच्या पायांविषयी माझ्या मनात निखळ आदर आहे. माणसाच्या चांगुलपणावर इतका विश्वास ठेवून वर्षानुवर्षं चालणारा माणूस पुन्हा होणार नाही. पण दान म्हणून मिळालेली जमीन टिकवायला घेणाऱ्याच्या पाठीशी जी माणसं लागतात ती त्या यात्रेला गावोगाव उभी करता आली नाहीत. कितीतरी दानपत्रं कागदावरच राहिली, कितीतरी जमिनी खडकाळ निघाल्या, कितीतरी देणाऱ्यांच्या मुलांनी परत वहितीला घेतल्या. चरीच्या कुळांनी दान मागितलं नव्हतं. ती आपल्या घामाचा हिशेब मागत होती. मला त्यांची वाट जवळची वाटते.

त्या जुडग्यात एक गोष्ट मात्र मला टोचते. प्रमाणपत्रावर एकच नाव आहे, आजोबांचं. ज्या बाईने रहूचं बियाणं राखलं, निंदणी केली, कापणीला विळा धरला, खांडीवर डोक्यावरून चिखल वाहिला, आणि ते तेलाविना गेलेलं वर्ष निभावून नेलं, तिचं नाव त्यावर नाही. आजीचं नाव सातबाऱ्यावर चढलं ते आजोबा गेल्यावर, वारस म्हणून. म्हणजे तिला जमीन मिळाली ती कसणारी म्हणून नाही, विधवा म्हणून. कसेल त्याची जमीन ही घोषणा देताना कसणारी कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. पुढे आजीही गेली तेव्हा आईने आणि मावशीने हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. कुणी जबरदस्ती केली नाही. माहेर तुटू नये म्हणून लेकी जमीन सोडतात. ही स्वखुशीसुद्धा मला त्या राजीनाम्यांतल्या स्वखुशीची सख्खी बहीण वाटते. नव्वदच्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि गावागावांत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा केला. ज्या गावात असे शंभर शेतकरी निघतील तिथे जोशी स्वतः जात. आमच्या पट्टीत ते वारं पोचलं नाही. पोचायला हवं होतं.

खारेपाटाच्या आसपास जमिनीची लढाई नंतरही थांबली नाही, फक्त समोरचा पक्ष बदलला. नवी मुंबई वसवण्यासाठी उरण-पनवेलच्या आगरी-कोळ्यांच्या जमिनी गेल्या, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनावर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची योजना त्या रक्तातून आली. मग विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे सेझ, आलं. २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत महामुंबई सेझवर सार्वमत घेतलं गेलं. ज्याची जमीन जाणार त्यालाच विचारायचं, ही साधी गोष्ट सरकारकडून करवून घ्यायला एन. डी. पाटलांसारख्या वयोवृद्ध माणसाला रस्त्यावर उतरावं लागलं. लोकांनी रांगा लावून नको म्हणून सांगितलं. तो प्रकल्प बारगळला. माझ्या मामांनी टीव्हीवर ती बातमी उभ्याने ऐकली, आणि त्या रात्री घरात चरीची गोष्ट कितीतरी वर्षांनी पुन्हा निघाली.

आता मात्र नको म्हणायला कुणी एकत्र जमत नाही, कारण विचारणारं सरकार नाही. विचारतो तो एजंट, आणि तो एकेकट्या घरी येतो. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत बंगल्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. त्यांची झळ आत खारेपाटापर्यंत पोचली आहे. खातेफोड झालेली नाही, भावाभावांत बोलणं नाही, मुलगा मुंबईत, आणि हातात एकरकमी पैसा. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. भाताच्या भावात घर चालत नाही हे मलाही दिसतं. पण ज्याने विकली त्याचा तुकडा पडीक राहतो, घेणारा काठ्यावर येत नाही, त्याला खांड म्हणजे काय ते ठाऊकही नसतं. काठा राखायचं काम सरकारच्या खारभूमी खात्याकडे गेल्याला कितीतरी वर्षं झाली. घरटी माणूस निघण्याची रीत मोडली. मागच्या काही वर्षांत कितीतरी ठिकाणी काठे फुटले ते तसेच राहिले. खारं पाणी आत राहिलं की शेतात तिवरं उगवतात, बघता बघता कांदळवन होतं, आणि मग नियमाप्रमाणे त्याला हात लावायचा नसतो. सातबाऱ्यावर भातशेती आणि जागेवर कांदळवन. आजोबांनी जी माती हप्त्याहप्त्याने सोडवून घेतली तिच्यात आता भरतीचं पाणी चढतं आणि उतरतं. न पेरलेलं शिवार तेव्हाही होतं. पण ते माणसांनी राखून ठेवलेलं होतं, हे नुसतं सोडून दिलेलं आहे, आणि मला त्याचा राग येतो. मामांना मी हेच म्हणते. पंचवीस गावं सहा वर्षं एका शब्दावर राहू शकली, तर एका गावाला वर्षातून एकदा काठ्यावर जमता येणार नाही? मामा म्हणतात, बोलाव, मी येतो.

कूळ कायदा जिथे पोचलाच नाही अशी माणसंही याच जिल्ह्यात आहेत. कातकरी कुणाची कुळं नव्हते. कूळ व्हायलाही आधी मालकाचं शेत लागतं. त्यांच्याकडे होत्या त्या डोंगरउतारावरच्या दळी जमिनी. ब्रिटिश अमदानीत गटाने कसायला दिलेले ते तुकडे, नाचणी-वरी पिकवणारे. पुढे त्या वनखात्याच्या की महसूल खात्याच्या, या वादात कसणारा मधल्यामध्ये अतिक्रमणदार ठरला. पावसाळा संपला की वाड्या रिकाम्या होतात. माणसं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि बयाणा फेडत बसतात. उल्का महाजन आणि सर्वहारा जन आंदोलन यांनी या दळीधारकांना जागं करायचं काम रायगडात वर्षानुवर्षं केलं. २००६ चा वनहक्क कायदा झाला आणि त्या कामाला कागदाचा आधार मिळाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असाल तर चार हेक्टरच्या मर्यादेत जमीन तुमची, असं तो कायदा म्हणतो. आणि त्यात मला सगळ्यांत मोलाच्या वाटणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो. आणि पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब चालतो.

सुधागड तालुक्यातल्या एका वाडीवर मी असे जबाब लिहून घ्यायला बसले आहे. शाळेच्या पडवीत सतरंजी, मध्ये दाव्यांच्या फायली, वन हक्क समितीचा सचिव असलेला एक बारावी शिकलेला पोरगा, आणि समोर एक म्हातारी. कधीपासून कसता, या प्रश्नाला तिच्याकडे साल नव्हतं. तिला लहानपण, लग्न आणि पोरं ठाऊक. पोराने विचारलं, जांभूळपाड्याच्या पुराच्या आधी की नंतर? म्हातारीने क्षणभरही विचार केला नाही. पुराच्या आधी. पूर आला तेव्हा ती वरच्या दळीत नाचणी लावत होती, म्हणून वाचली. खाली नदीकाठी असती तर गेली असती. पोराने लिहिलं: जुलै १९८९ पूर्वीपासून कसत आहे. अंबा नदीच्या त्या पुराने या तालुक्यात किती घरं नेली ते अजून लोक विसरलेले नाहीत. ती आठवण त्या दिवशी सरकारी नमुन्यातला पुरावा झाली. मग त्याने दुसऱ्या म्हाताऱ्याला शेजारी बसवून तेच विचारलं, कारण जबाब दाव्याबाहेरच्या माणसाचा लागतो. असं एकेक नाव, एकेक दावा, दुपारभर. मोर्चे मी पाहिले आहेत आणि त्यांनी अंगावर काटा येतो. तरी जमीन मिळते ती अशा पडव्यांत, असं मला त्या दुपारी पहिल्यांदा जाणवलं.

मग मोजणीचा दिवस आला. मोजणीदार मोबाइलसारखं यंत्र हातात धरून दळीच्या कडेने चालला आणि अर्ध्या उतारावर, जिथे झुडपं दाट झाली होती, तिथून वळला. यंत्रावर जो आकडा आला तो दाव्यात लिहिलेल्या क्षेत्राच्या निम्मासुद्धा नव्हता. त्याने तो लिहायला घेतला. ऊन डोक्यावर होतं, त्याला पुढच्या वाडीवर जायचं होतं. पुरुष गप्प होते. सरकारी माणसापुढे गप्प राहायची सवय काही एका कायद्याने जात नाही. तेव्हा जिचं नाव नवऱ्याच्या नावाशेजारी दाव्यावर होतं ती सून पुढे आली. तिने यंत्राकडे पाहिलंही नाही. खाली हात दाखवून म्हणाली, “भाऊ, ओहळापर्यंतचा तुकडा राहिला. आमचा दगडी बांध आहे तिथे. सासऱ्याने रचलेला. परत मोजा.” तो म्हणाला, वाट नाही, झाडी आहे. “वाट करून देतो,” असं म्हणून तिने कमरेचा कोयता काढला, आणि वाडीतल्या बाकीच्या बायका तिच्या मागोमाग उतारावरून झुडपं छाटत निघाल्या. दगडी बांधाशी पोचल्यावर त्यांनी वर बघून हाका मारायला सुरुवात केली. मोजणीदाराने वही मिटली आणि यंत्र सांभाळत तो त्यांनी केलेल्या वाटेने खाली उतरू लागला.